बाह्यवळण रस्ता आणि विकास योजना: एका तालुक्याच्या गावातील समन्वयाचे प्रकरण

प्रकरणाविषयी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या ठिकाणचे आहे. गावाचे नाव, गट क्रमांक, वर्षे आणि व्यक्तींचे उल्लेख हेतुतः वगळले आहेत, आणि कार्यालये केवळ त्यांच्या कामावरून ओळखली जातील एवढेच लिहिले आहे. प्रस्तुत लेखक त्या काळात नगर परिषदेची सुधारित विकास योजना, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची आणि रस्ते कुठून जाणार हे ठरवणारा आराखडा, तयार करणाऱ्या गटात काम करत होता. त्यामुळे ही मांडणी एका बाजूने पाहिलेली आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. महामार्गाच्या बाजूने कोणी लिहिले असते, तर चुका बहुधा दुसऱ्या ठिकाणी दिसल्या असत्या.

पार्श्वभूमी

गावाच्या मधून जाणारा जुना राज्यमार्ग हाच तिथला बाजाररस्ता होता. एसटी स्थानक, बाजार समितीचे आवार, तहसील कचेरी आणि दोन शाळा त्याच्याच दोन्ही अंगांना होत्या. उसाच्या हंगामात जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, लांब पल्ल्याचे ट्रक आणि शाळा सुटलेली मुले यांना एकच रस्ता वाटून घ्यावा लागत असे. पुढे हा मार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झाला. मध्यवस्तीत रुंदीकरण करायचे तर दुतर्फा जुनी घरे आणि दुकाने पाडावी लागली असती, म्हणून महामार्ग यंत्रणेने गावाच्या पूर्वेकडून चौपदरी बाह्यवळण रस्ता काढण्याचे ठरवले. बाह्यवळण हवे की नको यावर गावात कधीच वाद नव्हता, आणि पुढची सारी ओढाताण वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये.

त्याच सुमारास नगर परिषदेची मंजूर विकास योजना वीस वर्षांची होत आली होती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३८ मध्ये अशी योजना वीस वर्षांतून किमान एकदा सुधारण्याची तरतूद आहे. त्यानुसार परिषदेने कलम २३ खाली इरादा जाहीर केला, कलम २५ प्रमाणे विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण झाले आणि प्रारूप आराखडा कागदावर उतरू लागला. गावाची वाढ गेल्या काही वर्षांत पूर्वेकडेच झाली होती, कारण पश्चिमेला नदी आहे आणि दक्षिणेकडची जमीन काळी, खोल आणि बागायती आहे. साहजिकच नव्या रहिवास विभागाचा मोठा हिस्सा पूर्वेलाच दाखवला जात होता.

बाह्यवळणाचा सुमारे एक तृतीयांश भाग नगर परिषदेच्या हद्दीतून जाणार होता. उरलेला भाग शेजारच्या तीन ग्रामपंचायतींच्या शिवारातून. हद्दीच्या आत विकास योजना लागू होते आणि बांधकामाची परवानगी नगर परिषद देते. हद्द ओलांडली की प्रादेशिक योजना लागू होते आणि अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे परवानगी जिल्हाधिकारी देतात. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना अशा रीतीने दोन वेगळी नियोजन प्राधिकरणे होती आणि रस्ता बांधणारी यंत्रणा या दोहोंपैकी कोणाच्याही अधिकारात नव्हती.

समस्या कशी लक्षात आली

ती नकाशावर लक्षात आली नाही, शेतात आली. आमचा भूमापक एका प्रस्तावित शाळेच्या आरक्षणाची, म्हणजे योजनेत शाळेसाठी राखून ठेवलेली, जागा पाहायला गेला असता त्याला बांधाला लागून रंगवलेले खुणेचे दगड दिसले. शेतमालकाने सांगितले की ते ‘हायवेवाल्यांचे’ आहेत. त्या दगडांची रेघ आमच्या प्रारूपातील रहिवास विभागाच्या मधोमध जात होती आणि शाळेचे आरक्षण तिच्या पलीकडे पडत होते.

दोन्ही कार्यालयांनी एकमेकांना कधीच विचारले नव्हते असे नाही. महामार्गाच्या सल्लागाराने व्यवहार्यता अहवालाच्या वेळी नगर परिषदेला पत्र लिहून विकास योजनेचा नकाशा मागितला होता आणि परिषदेने तो पाठवलाही होता; परंतु तो होता वीस वर्षांपूर्वी मंजूर झालेला. प्रारूप नकाशा कलम २६ खाली प्रसिद्ध होईपर्यंत बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा शिरस्ता आहे. रस्ता आणि आरक्षणे कुठे येणार हे आधी कळले, तर जमिनींचे व्यवहार फिरतात, ही भीती खोटी नाही. मात्र त्या शिरस्त्याचा परिणाम असा झाला की सल्लागाराने जुन्या नकाशातील शेती विभाग पाहून ‘पूर्वेकडे वस्ती नाही’ असे गृहीत धरले आणि आम्ही बाह्यवळणाची आखणी माहीत नसताना त्याच शेतांवर रहिवास विभागाचा पिवळा रंग भरला.

खोलात गेल्यावर एकाऐवजी चार गोष्टी विसंगत निघाल्या.

पहिली गोष्ट जुन्या योजनेतून वारशाने आलेल्या २४ मीटर रुंदीच्या वर्तुळाकार रस्त्याची. हा रस्ता निम्मा झाला होता, निम्मा कागदावर होता. बाह्यवळण त्याला जवळजवळ समांतर, दोन-तीन शेतांच्या अंतरावरून जात होते. दोहोंच्या मध्ये जी चिंचोळी पट्टी उरत होती, ती शेतीला गैरसोयीची आणि घरांना गोंगाटाची ठरणार होती. अशा पट्टीत काय उगवते हे कोणत्याही बाह्यवळणावर पाहता येते: गोदामे, गॅरेज, ढाबे आणि त्यांच्यापुढे उभे असलेले ट्रक.

दुसरी गोष्ट ओलांडण्याच्या जागांची. बाह्यवळण भरावावरून जाणार होते आणि त्याच्या खालून जाण्यासाठी दोन भुयारी मार्ग धरले होते. त्यांच्या जागा ठरल्या होत्या उंचसखलपणा आणि त्या वेळी वापरात असलेल्या पाणंद रस्त्यांवरून. आमच्या प्रारूपात पूर्व-पश्चिम जाणारे १८ मीटरचे तीन रस्ते होते. त्यांपैकी एकच भुयारी मार्गाच्या जवळपास येत होता, दुसऱ्यासाठी बराच वळसा पडत होता आणि तिसरा थेट भरावाला जाऊन थडकत होता.

तिसरी गोष्ट पाण्याची. तिच्याकडे सुरुवातीला आमचेही लक्ष नव्हते. ती पुढे स्वतंत्रपणे मांडली आहे.

चौथी गोष्ट काळाची. महामार्गासाठी राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३-ए खाली जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, म्हणजे कार्यालयीन बोलीतली ‘थ्री ए’, अधिसूचना निघाली होती. या अधिसूचनेपासून एक वर्षाच्या आत कलम ३-डी ची संपादनाची घोषणा झाली नाही, तर ती व्यपगत होते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. ३-डी झाल्यावर जमीन केंद्र सरकारकडे निहित होते आणि आखणी बदलणे व्यवहारात अशक्य ठरते. आमच्याकडे प्रारूप तयार करणे, प्रसिद्धी, हरकती व सूचना, कलम २८ खालील नियोजन समितीची सुनावणी, मग शासनाकडे सादर करणे आणि कलम ३१ खाली मंजुरी असा लांबचा प्रवास होता. एका घड्याळात महिने मोजले जात होते, दुसऱ्यात वर्षे. अशा स्थितीत ज्याच्या मागे कायद्याची मुदत लागलेली असते, त्याचाच नकाशा आधी दगडांवर उतरतो.

त्यात एक तांत्रिक अडथळा होता, जो पुढच्या बैठकांमध्ये हास्यास्पद वाटावा इतका वेळ खाऊन गेला. विकास योजनेचा आधारनकाशा उपग्रह प्रतिमेवर, यूटीएम ४३ क्षेत्राच्या, म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या एका नकाशापद्धतीच्या, निर्देशांकांत होता. सल्लागाराची आखणी त्यांनी शेतात रोवलेल्या स्थानिक खुणांवरून काढलेली होती. गट नंबरांच्या हद्दी भूमी अभिलेख कार्यालयाच्या जुन्या गावनकाशांवरून घेतल्या होत्या. हे तिन्ही एकमेकांवर ठेवले, तेव्हा एकच विहीर तीन ठिकाणी दिसू लागली. दोन शेतांच्या अंतरावर वाद चाललेला असताना नकाशेच अर्ध्या शेताने सरकलेले असतील, तर चर्चा पुढे कशी जाणार?

विचारात घेतलेले पर्याय

काहीच न करण्याचा पर्याय सर्वांत सोपा होता आणि त्याला पाठिंबाही होता. महामार्ग होऊ द्यावा, मग विकास योजना त्याप्रमाणे जुळवून घ्यावी, असे परिषदेतल्या काहींचे म्हणणे होते. त्यात तथ्य एवढेच की योजना अजून प्रारूपात होती आणि कागद खोडता येतो. परंतु भुयारी मार्गाची जागा एकदा काँक्रीटमध्ये ठरली, की त्यानंतर शहराने आपले रस्ते तिच्याकडे वळवत बसायचे, हा त्याचा अर्थ होता.

आखणी आणखी पूर्वेला सरकवावी, ही मागणी ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्यांच्याकडून जोरात आली. आम्ही ती गांभीर्याने तपासली. सरकवलेली रेघ दोन नव्या गावांच्या बागायतीतून गेली असती, थ्री ए नव्याने काढावी लागली असती आणि बाह्यवळणाची लांबी वाढल्यामुळे गावात येणारी वाहने पुन्हा जुन्याच रस्त्याने आली असती. शिवाय शहराची वाढ पाहता वीस वर्षांनी वस्ती तिथेही पोहोचलीच असती. या पर्यायाला नकार देताना आमच्यात मतभेद झाला नाही.

वर्तुळाकार रस्ता रद्द करून बाह्यवळणाचा सेवा रस्ताच, म्हणजे महामार्गाला लागून स्थानिक वाहनांसाठी असलेला रस्ता, शहराचा वर्तुळाकार रस्ता मानावा, हा पर्याय मात्र फार मोहात पाडणारा होता. नगर परिषदेचा भूसंपादनाचा खर्च वाचणार होता, आणि अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे संपादन न झाल्यामुळे आरक्षण व्यपगत होण्याची टांगती तलवारही टळणार होती. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण सुटते. या गावाने जुन्या योजनेतील एक बगिचा असाच गमावला होता. तरीही आम्ही हा पर्याय सोडला, कारण सल्लागाराच्या नकाशात सेवा रस्ता सलग नव्हता. ओढ्यावरील पुलापाशी तो थांबत होता आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होता. नकाशावर सलग दिसणारी समांतर रेघ प्रत्यक्षात तुटक असते आणि ती नेमकी पाण्याच्या जागी तुटते, हे त्या टेबलावर बसलेल्या बहुतेकांना तेव्हाच प्रथम जाणवले.

नगररचना योजना राबवण्याचा पर्याय तत्त्वतः सर्वांत चांगला होता. मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्याने आलेली ही पद्धत १९६६ च्या अधिनियमातही पाचव्या प्रकरणात आहे. सर्व मालकांच्या जमिनी एकत्र मोजायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यायच्या आणि प्रत्येकाला आकाराने लहान पण रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड परत द्यायचा. अहमदाबादच्या सरदार पटेल वर्तुळाकार मार्गासाठी, जो ७६ किलोमीटरचा आहे, लागणाऱ्या जमिनीचा मोठा भाग तिथल्या नगररचना योजनांमधूनच मिळवला गेला. आमच्याकडे हा पर्याय बाह्यवळणापुरता लागू नव्हता, कारण त्याची जमीन वेगळ्या कायद्याने घेतली जात होती. बाह्यवळण आणि वर्तुळाकार रस्ता यांच्यामधल्या पट्टीसाठी मात्र तो पूर्णपणे योग्य होता. अडचण माणसांची होती. लहानशा नगर परिषदेकडे अशी योजना चालवण्याचे मनुष्यबळ नव्हते आणि आपली जमीन कमी होणार एवढेच मालकांच्या कानावर गेले होते.

शेवटचा पर्याय तडजोडीचा होता: बाह्यवळणाची रेघ आहे तिथे मान्य करायची, विकास योजनेतील रस्ते, विभाग आणि आरक्षणे तिच्याभोवती नव्याने मांडायची आणि त्याच्या बदल्यात ओलांडण्याच्या जागा व मोऱ्या (भरावाखालून पाणी जाण्याचे मार्ग) शहराच्या गरजेप्रमाणे बदलून घ्यायच्या.

निर्णय आणि कार्यवाही

जिल्हाधिकाऱ्यांनी घेतलेल्या बैठकीत तडजोडीचा पर्याय स्वीकारला गेला. त्यातून पुढे चार कामे झाली आणि प्रत्येकात वेगळ्या प्रकारचे वळण आले.

पहिले काम संयुक्त मोजणीचे. भूमी अभिलेख, महामार्ग सल्लागार आणि आमचा गट यांनी एकाच दिवशी एकाच उपकरणाने ठरावीक खुणा मोजल्या. त्यात शाळेची इमारत, दोन विहिरी, पुलाचे कठडे आणि शिवेवरचे दगड होते. त्यावरून तिन्ही नकाशे एका निर्देशांकात आणले. या कामाला काही दिवसच लागले. ते करायचे ठरवायला काही महिने गेले होते.

दुसरे काम भुयारी मार्गांचे. आमच्या तीन रस्त्यांपैकी दोन आम्ही सल्लागाराच्या भुयारी मार्गांच्या रेषेत आणले आणि तिसऱ्यासाठी तिसरा भुयारी मार्ग मागितला. इथे आमची जी चूक झाली, तिची किंमत अजून मोजावी लागत आहे. भुयारी मार्ग मिळाला म्हणजे रस्ता मिळाला, असे आम्ही धरून चाललो. महामार्गांच्या मानकांत भुयारी मार्गांचे प्रकार आहेत: मोठ्या वाहनांसाठीच्या मार्गाला साडेपाच मीटर उंची असते, हलक्या व लहान वाहनांसाठीच्या मार्गाला चार मीटर, आणि सर्वांत लहान प्रकाराची रुंदी सात मीटर. बैठकीच्या इतिवृत्तात ‘तिसऱ्या भुयारी मार्गाचा विचार करण्यात यावा’ एवढेच लिहिले गेले. प्रकार लिहिला गेला नाही. तोवर कामाची निविदा निघाली होती, त्यामुळे वाढीव बांधकाम ‘चेंज ऑफ स्कोप’, म्हणजे ठरलेल्या कामाच्या व्याप्तीतला बदल, ठरले आणि त्या खात्यात जे बसेल ते म्हणून सर्वांत लहान प्रकार मंजूर झाला. १८ मीटरचा विकास योजनेतला रस्ता (डीपी रोड) सात मीटरच्या तोंडाशी येऊन अरुंद होतो, आणि उसाने भरलेला ट्रक चार मीटर उंचीखालून नेण्याचे धाडस चालक करत नाहीत.

तिसरे काम पाण्याचे. बाह्यवळणाचा भराव एका ओढ्याला आणि दोन नाल्यांना आडवा जात होता. मोऱ्यांचे आकार सल्लागाराने नेहमीच्या पद्धतीने काढले होते, म्हणजे पाणलोट क्षेत्र, पावसाची तीव्रता आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक यांचा गुणाकार करून. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी-एसपी-१३ या मार्गदर्शिकेत लागवडीखालच्या पोयट्याच्या जमिनीसाठी हा गुणांक ०.३ आहे, तर शहरी फरसबंदीसाठी ०.९. सल्लागाराने शेतजमिनीचा गुणांक वापरला होता आणि त्याच्यासमोर जो नकाशा होता त्यानुसार तो बरोबरच होता. परंतु त्याच पाणलोटाचा वरचा भाग आमच्या प्रारूपात रहिवास विभाग होता. तिथे छपरे, अंगणे आणि डांबरी रस्ते आले की त्याच पावसाचे पाणी दुपटीहून अधिक येऊ शकले असते. जमिनीचा विभाग बदलला की मोरीचा आकार बदलायला हवा, हे एकदा मांडल्यावर कोणालाही पटते. तरीही जमीन वापराचा नकाशा आणि मोऱ्यांचा तक्ता एकाच टेबलावर ठेवण्याची पद्धत दोन्ही कार्यालयांत नव्हती. हा मुद्दा आमच्या गटातील एका कनिष्ठ अभियंत्याने काढला, आणि तो मान्यही झाला, कारण त्यात मतभेदाला जागा नव्हती: गणित पुन्हा करायचे होते एवढेच. दोन मोऱ्यांचे गाळे वाढवले गेले. या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत कमी वादाचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता.

चौथे काम मधल्या पट्टीचे. ती रहिवास विभागातून काढून तिच्या काही भागावर बाजार समितीचे नवे आवार, ट्रक तळ आणि अग्निशमन केंद्र यांची आरक्षणे टाकली, तर उरलेल्या भागात हरित पट्टा दाखवला. बाजार समिती तिथे गेल्यास जुन्या रस्त्यावरचा जड वाहनांचा भार खऱ्या अर्थाने हलणार होता. केवळ लांब पल्ल्याची वाहने बाहेर काढून तो हलणार नव्हता, कारण उसाच्या आणि कांद्याच्या हंगामात गावातली कोंडी गावाकडेच येणाऱ्या वाहनांची असते. रस्त्यावरून कोणती वाहने जाणार हे रस्त्याची रुंदी ठरवत नाही, दोन्ही टोकांची जमीन ठरवते. त्यामुळे बाह्यवळणाच्या यशाचा निम्मा भाग महामार्गाच्या अहवालात नसून या आरक्षणात होता.

या चारही कामांच्या आड एक पाचवे काम राहून गेले. नगर परिषदेच्या हद्दीबाहेरील दोन तृतीयांश लांबीसाठी कोणताच असा आराखडा झाला नाही. तिथे महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरची इमारत रेषा आणि ७५ मीटरची नियंत्रण रेषा लागू होती, आणि राष्ट्रीय महामार्ग (जमीन आणि वाहतूक) नियंत्रण अधिनियम, २००२ प्रमाणे महामार्गावर थेट प्रवेशासाठी परवानगी घ्यावी लागते. या दोन तरतुदी पुरेशा आहेत असे बैठकीत मानले गेले. त्या इमारत कुठपर्यंत आणावी आणि वाहन कुठून चढावे एवढे सांगतात. मागच्या शेतात काय व्हावे, याविषयी त्या काहीच सांगत नाहीत.

परिणाम

बाह्यवळण सुरू झाल्यावर बाजाररस्त्यावरील लांब पल्ल्याचे ट्रक दिसेनासे झाले. शाळांसमोरील गर्दी कमी झाली, हे शिक्षक आणि पालक दोघेही सांगतात. पहिल्या दोन भुयारी मार्गांतून जाणारे रस्ते आता खरोखर शहराचे रस्ते झाले आहेत. वाढवलेल्या मोऱ्यांजवळ आतापर्यंत पाणी तुंबल्याची तक्रार आलेली नाही.

मधल्या पट्टीचे चित्र संमिश्र आहे. ट्रक तळाची जागा परिषदेने करारातून, वाढीव चटईक्षेत्राच्या मोबदल्यात मिळवली. बाजार समितीचे आरक्षण मंजूर योजनेत राहिले, पण जुन्या आवारातील गाळेधारकांनी हलायला नकार दिल्यामुळे ते अद्याप रिकामे आहे आणि कलम १२७ चे घड्याळ तिथे चालू आहे. हरित पट्ट्यात परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेडांना नोटिसा गेल्या आहेत. प्रारूप प्रसिद्ध होण्यापूर्वी ज्यांना परवानगी मिळाली होती त्या बांधकामांना मात्र हात लावता येत नाही. कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचा विचार करायचा असतो, आणि जे प्रसिद्धच झालेले नाही त्याच्या आधारे अर्ज नाकारता येत नाही. संयुक्त मोजणी उशिरा झाल्यामुळे प्रसिद्धी लांबली आणि त्या महिन्यांत आलेले अर्ज नियमाने मंजूर करावे लागले.

खरा धडा हद्दीबाहेर मिळाला. उत्तरेकडच्या जोडरस्त्यापाशी एका गावाचे गावठाण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणापासून दोनशे मीटरच्या आतील जमिनीला अकृषिक वापरासाठी तेव्हा वेगळ्या परवानगीची गरज उरत नव्हती. तिथे प्लॉटिंग झपाट्याने झाले आणि गावठाण बाह्यवळणाच्या एका बाजूला, तर नवी वस्ती दुसऱ्या बाजूला, अशी गावाची वाटणी झाली. मधला जोडरस्ता समतल आहे, खालून जाणारा नाही. सायकलवरून शाळेत येणारी मुले तिथे महामार्गच ओलांडतात. गतिरोधक घालावा अशी मागणी आहे. महामार्गावर गतिरोधक घालता येत नाही असे उत्तर आहे. दोन्ही आपापल्या जागी समजण्यासारखी आहेत.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयाचा क्षण आम्हाला कळण्याच्या आधीच निघून गेला होता: सल्लागाराचे पत्र आले तेव्हा. प्रारूपाची गोपनीयता मोडायची नव्हती हे मान्य केले, तरी नगर परिषदेने ‘पूर्वेकडील जमिनींविषयी जुन्या नकाशावर विसंबून राहू नये, आखणी ठरवण्यापूर्वी संयुक्त बैठक घ्यावी’ एवढे एक वाक्य उत्तरात लिहिले असते, तर कोणाच्याही जमिनीचा भाव फुटला नसता. शासकीय कार्यालयांतील गोपनीयता मुळात दलालांपासून असते; ती दुसऱ्या शासकीय कार्यालयापासून पाळली गेली. यावर दुसरे मत असू शकते, कारण सल्लागार खासगी असतो आणि नकाशे कुठे फिरतील याची हमी नसते. पण प्रत्येक भूखंड दाखवण्याची गरज नव्हती. मोठे रस्ते आणि वाढीची दिशा एवढेच पुरले असते.

दुसरा क्षण कलम ३-सी चा होता. थ्री ए नंतर एकवीस दिवसांत हितसंबंधितांना हरकत घेता येते. शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या, नगर परिषदेने घेतली नाही. परिषदेची स्वतःच्या मालकीची जमीन त्या रेषेत होती, म्हणजे अधिकार निर्विवाद होता. सभेत चर्चा झाली तेव्हा ‘शासनाच्या कामाला आपण हरकत कशी घ्यायची’ असा सूर निघाला आणि विषय तहकूब झाला. हरकत म्हणजे विरोध नव्हे, ती नोंद असते. ती घेतली असती, तर भुयारी मार्गांच्या जागा आणि प्रकार यांविषयीची मागणी सक्षम प्राधिकाऱ्याच्या सुनावणीच्या अभिलेखात गेली असती आणि निविदेपूर्वीच आराखड्यावर आली असती. त्याऐवजी ती पुढे बैठकीच्या इतिवृत्तात गेली, ज्याला कराराच्या नकाशासमोर वजन नसते.

तिसरा क्षण तपशिलाचा. ‘भुयारी मार्ग द्यावा’ या मागणीसोबत रुंदी, उंची, जोडरस्त्याची पातळी आणि पाण्याचा निचरा लिहायला हवा होता, आणि त्याची देखभाल कोणी करायची हेही. विकास योजना करणारे लोक रस्त्याला रेघ आणि रुंदी मानतात, आणि महामार्ग करणारे लोक ओलांडण्याच्या जागेला एक बांधकाम मानतात. आम्ही आमच्या भाषेत मागितले, त्यांनी त्यांच्या भाषेत दिले.

नगररचना योजनेबाबत मात्र मला अजून खात्री नाही. आमच्या गटातील काहींचे मत आहे की त्या पट्टीसाठी ती तेव्हाच सुरू करायला हवी होती, बाजार समितीचा प्रश्नही त्यातूनच सुटला असता. दुसरे मत असे की ज्या परिषदेला एका ट्रक तळाची जागा घ्यायला इतका काळ लागला, तिने शेकडो मालकांची लवादासमोरची सुनावणी चालवणे शक्य नव्हते. हद्दीबाहेरच्या गावांचा विचार केला, तर ती योजना राबवायची कोणी हाच प्रश्न पहिल्यांदा सोडवावा लागला असता.

तिसऱ्या, लहान भुयारी मार्गाची जमीन आजूबाजूच्या पातळीपेक्षा खाली आहे, त्यामुळे पावसाळ्यात तिथे पाणी साचते. ते उपसण्यासाठी मोटार बसवली आहे. रस्ता शहराचा आहे म्हणून वीजबिल नगर परिषदेने भरावे, असे महामार्ग यंत्रणेचे म्हणणे आहे. बांधकाम महामार्गाचे आहे म्हणून ते त्यांनी भरावे, असे परिषदेचे. ती फाईल हे लिहीत असताना दोन्ही कार्यालयांच्या दरम्यान आहे, आणि तोवर बिल एका नगरसेवकाने आपल्या नावावर घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवर येते.